वाचकांचे प्रश्न : नागपुरातील खरी दुपार

गेल्या महिन्यात या सदरात शून्य सावलीच्या दिवसाविषयी लिहिले होते. २६ मेच्या सुमारास नागपुरात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते, एवढाच त्या टिपणाचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख सावलीपेक्षा घड्याळाकडेच होता : सूर्य डोक्यावर आला असता बारा वाजून दहा मिनिटे कशी? म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे पृथ्वीच्या परिवलनाला आणि आपल्या घड्याळांना दिले आहे.

आमच्या गच्चीवर ओळंबा लावून उभी केलेली एक लोखंडी सळई वर्षभर आहे आणि तिच्या बुडापासून उत्तर-दक्षिण रेघही मी आखून घेतली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सावली त्या रेघेवर बाराला तीन मिनिटे कमी असतानाच आली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र तिला बारा वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली. रेडिओवरील वेळेशी घड्याळ ताडून पाहिले आहे. सळई हलली असे समजावे काय? — महाल येथील एक निवृत्त शिक्षिका

सळई हललेली नाही आणि घड्याळही चुकलेले नाही. उलट आपल्या वहीतील या दोन नोंदी इतक्या नेमक्या आहेत की, त्यांच्यावरून नागपूरचे रेखांश काढता येतील. सावली रेघेवर येण्याची वेळ दोन कारणांनी बारापासून ढळते. पहिले कारण गावाचे आहे, दुसरे ऋतूचे.

गावाचे कारण सोपे आहे. सूर्याच्या संदर्भात पृथ्वीला एक फेरी पुरी करण्यास सरासरी चोवीस तास लागतात, म्हणजे एक अंश वळण्यास चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे आणि नागपूर आहे सुमारे ७९.१ अंशावर. हे ३.४ अंशांचे अंतर वळायला पृथ्वीला साडेतेरा मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. त्यामुळे नागपूरची सरासरी दुपार घड्याळात बारा वाजून साडेतेरा मिनिटांनी होते. ही चूक नसून ठरवून घेतलेली सोय आहे, तिच्याविषयी पुढे एका प्रश्नात येईलच.

परंतु एवढ्याने आपल्या दोन नोंदींतील एकतीस मिनिटांचा फरक सुटत नाही. त्यासाठी ‘दिवस’ म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागेल. एखादा तारा आज रात्री ज्या क्षणी आपल्या उत्तर-दक्षिण रेघेच्या बरोबर वर येतो, तेथेच तो उद्या पुन्हा येईपर्यंत चोवीस तास लागत नाहीत. २३ तास ५६ मिनिटे आणि ४ सेकंद लागतात. पृथ्वीची स्वतःभोवतीची खरी फेरी एवढीच आहे, आणि तिला नाक्षत्र दिन म्हणतात. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास एका युगात पृथ्वी किती वेळा फिरते याचा जो आकडा दिला आहे, त्यातून ही फेरी जवळजवळ सेकंदापर्यंत अचूक निघते. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा दाखलाही त्याचाच.

मग उरलेली सुमारे चार मिनिटे कोठून आली? अंगणातील तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालणारी बाई डोळ्यांसमोर आणावी. तुळस सतत तिच्या उजव्या हाताला असते. तुळशीला विचारले तर ती म्हणेल, ‘ही बाई स्वतःभोवती मुळीच फिरली नाही, सारखा एकच खांदा माझ्याकडे होता.’ पण तिचे तोंड तर आळीपाळीने चारही दिशांना होऊन आले, म्हणजे अंगणाच्या भिंतींच्या हिशेबाने ती एकदा पूर्ण फिरली. पृथ्वीचे असेच आहे. वर्षभरात ताऱ्यांच्या हिशेबाने तिच्या सुमारे ३६६.२४ फेऱ्या होतात, तर सूर्याच्या हिशेबाने ३६५.२४. एक फेरी सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेतच जमा होते. दररोज पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे एक अंश पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यावा यासाठी तिला रोज सुमारे एक अंश अधिक वळावे लागते. त्या एका अंशाची ही चार मिनिटे.

येथेच ऋतू आडवा येतो. रोजचे हे जादा वळण वर्षभर सारखे नसते. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या आरंभी ती सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटर अंतरावर असते आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटर वेगाने धावते. जुलैच्या आरंभी हेच अंतर १५.२ कोटी होते आणि वेग २९.३ पर्यंत उतरतो. दुसरी, आणि अधिक वजनाची, गोष्ट म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचा २३.४ अंशांचा कल. सूर्याचा आकाशातील वार्षिक मार्ग विषुववृत्ताशी तिरपा असल्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत त्याच्या रोजच्या सरकण्याचा काही भाग उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे खर्ची पडतो आणि पूर्वेकडे तो कमी सरकतो. जून आणि डिसेंबरात मात्र तो जवळजवळ सगळाच पूर्वेकडे सरकतो. घड्याळ मोजते ते पूर्व-पश्चिम वळण, म्हणून हा फरक थेट दिवसाच्या लांबीत उतरतो. डिसेंबरच्या अखेरीस दोन्ही कारणे एकाच दिशेने ओढतात, आणि एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत चोवीस तास आणि सुमारे अर्धा मिनिट लागतो. सप्टेंबरच्या मध्यास हाच काळ चोवीस तासांना वीस-एक सेकंद कमी इतका आखूड होतो.

अर्धा मिनिट म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, परंतु थेंबे थेंबे तळे साचते. साचत साचत ३ नोव्हेंबरच्या सुमारास खरा सूर्य सरासरी सूर्याच्या साडेसोळा मिनिटे पुढे गेलेला असतो, आणि ११ फेब्रुवारीच्या सुमारास सव्वाचौदा मिनिटे मागे पडलेला असतो. बारा साडेतेरातून साडेसोळा वजा केले तर अकरा सत्तावन्न येतात. त्यातच सव्वाचौदा मिळवले तर जवळपास बारा अठ्ठावीस. आपल्या वहीत हेच आहे. आपले घड्याळ ज्या सूर्याप्रमाणे चालते तो एकसारख्या वेगाने चालणारा सूर्य आकाशात नाहीच. तो गणितासाठी कल्पिलेला आहे, आणि वर्षातून चारच वेळा, १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास, खऱ्या सूर्याची त्याच्याशी गाठ पडते. आपल्या सळईला त्या दिवशी बारा साडेतेरालाच रेघ गाठताना पाहावे.

एक सूचना करावीशी वाटते. वर्षभर रोज घड्याळात ठीक बारा वाजता सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका करून ठेवला, तर वर्षअखेरीस गच्चीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक लांबट आकृती उमटलेली दिसेल. पावसाळ्यात मधले ठिपके गळतील आणि खडू धुऊन जाईल, म्हणून तैलरंगाचे ठिपके केलेले बरे. घरच्यांची परवानगी आधी घ्यावी.

सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरचा, असे आम्ही शिकलो. मग माझ्या मुलीची सकाळची शाळा डिसेंबरपेक्षा जानेवारीतच अधिक अंधारात का भरते? — प्रतापनगर येथील एक पालक

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचे उत्तर वरच्या उत्तरात अर्धे होऊन गेले आहे. नागपुरात २२ डिसेंबरला दिवस सुमारे दहा तास एक्कावन्न मिनिटांचा असतो, आणि तो वर्षातील सर्वांत लहान दिवस असतो, यात शंका नाही. परंतु लहान दिवस म्हणजे उशिराचा सूर्योदय नव्हे. त्या दिवसांत दिवसाची मध्यरेषाच, म्हणजे खरी दुपार, रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने पुढे सरकत असते. २२ डिसेंबरला ती बारा बाराच्या सुमारास असते आणि जानेवारीच्या मध्यास बारा तेविसाला पोचते. दिवस दोन्ही टोकांना वाढू लागलेला असतो, पण एवढ्या काळात सकाळच्या बाजूला त्याची वाढ जेमतेम चार-पाच मिनिटांची. तेवढ्यात अख्खा दिवस अकरा मिनिटे पुढे ढकलला गेलेला असतो. म्हणून २२ डिसेंबरला पावणेसातच्या सुमारास उगवणारा सूर्य संक्रांतीच्या सुमारास सहा त्रेपन्नला उगवतो, आणि तोच नागपुरातील सर्वांत उशिराचा सूर्योदय.

संध्याकाळी याच्या उलट होते. सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस, साडेपाचच्या सुमारास, होऊन गेलेला असतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो ही आपल्याकडची म्हण संध्याकाळच्या बाजूने पाहिली तर सुमारे दीड महिना उशिराची आहे. सकाळच्या बाजूने मात्र ती नागपूरला अगदी चपखल बसते.

पृथ्वी एवढ्या वेगाने फिरत असेल, तर हेलिकॉप्टर नागपूरवर आकाशात एकाच जागी थांबवून ठेवावे. थोड्या वेळाने खाली मुंबई येईल. असे का करत नाहीत? — कामठी येथील इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी

कारण हेलिकॉप्टरही नागपूरबरोबरच फिरत असते. विषुववृत्तावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे, आणि नागपूरच्या अक्षांशावर तो सुमारे १,५५७ भरतो. जमीन, तलाव, झाडे, हवा आणि त्या हवेत उडणारे यंत्र, सर्वांनाच हा वेग आधीपासून मिळालेला आहे. धावत्या रेल्वेगाडीत वर उडवलेले नाणे परत हातातच पडते, मागच्या डब्यात पडत नाही, तसेच हे. दिशा मात्र तू अचूक ओळखलीस. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून खालून सरकत आलीच असती तर मुंबईच आली असती, कोलकाता नव्हे.

नागपूर हा देशाचा मध्य, येथे शून्य मैलाचा दगड. मग प्रमाणवेळ नागपूरची न घेता मिर्झापूरची का घेतली? — धंतोली येथील एक वाचक

शून्य मैलाच्या दगडाविषयी प्रत्येक नागपूरकराला असतो तेवढा अभिमान प्रस्तुत लेखकालाही आहे, परंतु वेळेच्या बाबतीत तो कामाचा नाही. वेळेचा संबंध केवळ पूर्व-पश्चिम पसाऱ्याशी असतो. भारताचे पश्चिम टोक ६८ अंश ७ मिनिटे पूर्व रेखांशावर आणि पूर्व टोक ९७ अंश २५ मिनिटांवर आहे. या दोहोंचा मध्य काढला तर ८२ अंश ४६ मिनिटे येतो, म्हणजे साडेब्याऐंशीच्या अगदी शेजारी. त्या हिशेबाने नागपूर मध्याच्या बरेच पश्चिमेला पडते.

याहूनही मोठे कारण आकड्याच्या सोयीचे होते. १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानण्याचे ठरले, आणि त्यानंतर निरनिराळ्या देशांनी ग्रीनिचपासून पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या वेळा स्वीकारण्याचा प्रघात पडत गेला. साडेब्याऐंशी अंश म्हणजे बरोबर साडेपाच तास. नागपूरची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या पाच तास सोळा मिनिटे पुढे आहे. तारघराच्या आणि रेल्वेच्या कारकुनाने असा हिशेब रोज करावा, हे कोणालाच परवडले नसते.

ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी देशातील रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत असत, आणि ती नागपूरच्या सूर्यापेक्षा पाचच मिनिटे पुढे होती. म्हणजे नागपूरकराला नव्या वेळेने फारसे काही गमवावे लागले नाही. मुंबईचे तसे नव्हते. तेथे घड्याळे एकदम एकोणचाळीस मिनिटे पुढे करावी लागणार होती, म्हणून मुंबईने कडाडून विरोध केला आणि मुंबईची जुनी वेळ १९५५ पर्यंत या ना त्या स्वरूपात टिकून राहिली. कोलकात्याची वेळ १९४८ पर्यंत होती. मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या वर्षांत सबंध देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे होती. तेव्हा नागपुरात सूर्य माथ्यावर यायला दुपारचा सव्वा वाजत असे.

एका देशात जवळपास दोन तासांचा सूर्य मावत असताना एकच वेळ ठेवावी की दोन, हा वाद अधूनमधून उठतो. आसामातील चहाच्या मळ्यांनी तो आपल्यापुरता केव्हाच मिटवला आहे; तेथे मळ्याची वेळ प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे ठेवतात. विदर्भापुरते विचाराल तर साडेतेरा मिनिटांसाठी भांडण्यात अर्थ दिसत नाही.

आमच्या घरी मुंबईत छापलेले पंचांग येते. त्यातील सूर्योदय नागपूरला चालतो काय? आणि घटी-पळांचे आजच्या वेळेत रूपांतर कसे करावे? — सीताबर्डी येथील एक वाचक

सूर्योदय चालत नाही. मुंबई नागपूरच्या सव्वासहा अंश पश्चिमेला आहे, म्हणजे सरासरी पंचवीस मिनिटांचा फरक झाला. शिवाय नागपूर मुंबईपेक्षा दोन अंशांनी उत्तरेला असल्याने उन्हाळ्यात येथील दिवस थोडा मोठा आणि हिवाळ्यात थोडा लहान असतो. त्यामुळे सूर्योदयातील हा फरक जूनमध्ये सुमारे एकोणतीस मिनिटे आणि डिसेंबरात सुमारे एकवीस मिनिटे भरतो. सरसकट पंचवीस मिनिटे वजा करणारे गुरुजी चार मिनिटांनी चुकतात, एवढेच.

तिथीच्या समाप्तीची वेळ मात्र प्रमाणवेळेत दिलेली असेल तर ती नागपूरलाही तशीच घ्यावी, तीत काही वजा करू नये. चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी सरते, आणि तो क्षण सगळ्या देशाला एकच असतो. सूर्योदय मात्र ज्याच्या त्याच्या गावाचा, आणि दिवसाची तिथी ठरते ती सूर्योदयाला असणारी. यातून एक मौज होते. समजा, जूनमध्ये दशमी पहाटे पाच पन्नासला संपली. नागपुरात त्यापूर्वीच, साडेपाच वाजून गेल्यावर, सूर्य उगवलेला असेल, म्हणून येथे त्या दिवशी दशमी. मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर उगवेल, म्हणून तेथे एकादशी. दोन शहरांतील उपवास वेगवेगळ्या दिवशी पडले, म्हणजे कोणीतरी पंचांग चुकवले, असे समजण्याचे कारण नाही.

घटीचे रूपांतर सोपे आहे. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ घटी, म्हणजे एक घटी चोवीस मिनिटांची; एका घटीची साठ पळे, म्हणजे पळ चोवीस सेकंदांचे. घंगाळातील पाण्यावर बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी सोडत आणि ती भरून बुडाली की एक घटी झाली असे मानत. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या वाटीचा आहे. पंचांगातील घटी सूर्योदयापासून मोजलेल्या असतात, तेव्हा रूपांतरित वेळ आपल्या गावाच्या नव्हे, तर पंचांग ज्या गावासाठी केले आहे त्या गावाच्या सूर्योदयात मिळवावी. येथेच बहुतेकांची गफलत होते.

पृथ्वीचा वेग मंदावत आहे असे एकीकडे वाचतो आणि दिवस लहान झाला अशी बातमी दुसरीकडे येते. खरे काय मानावे? — महाल येथील त्याच शिक्षिका

दोन्ही खरे आहे; मोजण्याचा काळ निराळा आहे. चंद्रामुळे समुद्राला भरती येते आणि फिरती पृथ्वी तो पाण्याचा फुगवटा आपल्याबरोबर किंचित पुढे ओढून नेते. या ओढाताणीत पृथ्वीचे परिवलन मंदावते आणि चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर या गतीने दूर जातो. प्राचीन ग्रहणांच्या नोंदींवरून असे दिसते की दिवस शतकामागे सुमारे पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबत आला आहे. एका माणसाच्या आयुष्यात हे काहीच नाही. परंतु चाळीस-एक कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवर रोजच्या वाढीच्या ज्या बारीक रेषा आढळतात, त्या वर्षाला सुमारे चारशे भरतात. तेव्हाचे वर्ष तेवढेच होते, दिवस मात्र लहान होते.

या संथ मंदावण्यावर लहानमोठे हेलकावे येतात. पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्यातील हालचाल, वाऱ्यांचे ऋतुमान, ध्रुवांकडील बर्फ वितळून ते पाणी विषुववृत्ताकडे पसरणे, या सर्वांचा वेगावर परिणाम होतो. गिरक्या घेणाऱ्या नर्तकीने हात पसरले की तिची गती उतरते, तसाच वितळत्या बर्फाचा परिणाम आहे. गेल्या काही वर्षांत गाभ्याची ओढ मात्र उलट्या बाजूची दिसते, आणि ५ जुलै २०२४ चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. बातमी आली ती याचीच.

हे कळते तरी कसे, असे आपण विचाराल. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या पृथ्वीवरून होत नाही. सीझियमच्या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांना लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. पृथ्वी हे घड्याळ असण्याचे दिवस संपले आणि तीच आता दुसऱ्या घड्याळाने तपासली जाऊ लागली. दोहोंत अंतर पडू नये म्हणून १९७२ पासून २७ वेळा एक सेकंद जादा घालण्यात आला. शेवटचा सेकंद २०१६ च्या अखेरीस, भारतीय वेळेने १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, घातला गेला. त्या दिवशी पाच वाजून एकोणतीस मिनिटांचे ते मिनिट एकसष्ट सेकंदांचे होते. संगणकांच्या जाळ्याला ही ठिगळे सोसत नाहीत, म्हणून २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवावी, असे २०२२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले आहे.

आपल्या सळईला यातील कशाचाही पत्ता लागणार नाही. सूर्याचे बिंब आकाशात अर्ध्या अंशाचे आहे आणि ते रेघ ओलांडायलाच दोन मिनिटे घेते. सावलीची कड त्यामुळे पुसट असते, आणि तिच्यावरून एक सेकंद काय, पाच-दहा सेकंदही ओळखता येणार नाहीत.